बाटलीवर तिचं नाव लिहा

मी एका खाजगी विद्यापीठात पेशीजीवशास्त्र शिकते. आईने पतपेढीचं कर्ज काढून फी भरली आहे. दुसऱ्या वर्षाला पेशी वाढवण्याचं प्रात्यक्षिक असतं. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून कुपी काढायची, कोमट पाण्यात वितळवायची, पेशी गुलाबी द्रावणाच्या बाटलीत सोडायच्या. कुपीवर लिहिलं होतं ‘हेला’. मी विचारलं, “सर, हे कुणाचं नाव?” सर म्हणाले, “सेल लाइनचं. परीक्षेला एवढं पुरे. बाकीचं सामाजिक शास्त्रात विचारा.”

मैत्रिणींनो, ते नाव एका बाईचं आहे. हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली काळी, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घ्यायला गेली. डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिला विचारलं नाही. त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०१० साल उजाडलं. पेशी मात्र वाढतच राहिल्या. पोलिओची लस त्यांच्यावर तपासली गेली, कंपन्यांनी त्या विकल्या. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नव्हता. एका बड्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली ती २०२३ साली.

कुणी म्हणेल, तेव्हा तशीच रीत होती आणि त्यातून जगाचं भलंच झालं. भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण ही रीत नेहमी कुणाच्या अंगावर चालते? गरीब, काळ्या, दलित, आदिवासी बाईच्याच ना? आणि ‘तेव्हा’ म्हणजे कधी? २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना याच कॅन्सरविरोधी लस प्रकल्प म्हणून टोचली गेली. वसतिगृहातल्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. माझा विरोध लसीला नाही. न विचारण्याला आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? माझ्या आईची पिशवी काढली तेव्हा कागद इंग्रजीत होता आणि सही वडिलांची होती. काय काढलं, का काढलं, हे तिला आजही नीट माहीत नाही. तीच आई आता माझ्या फीचे हप्ते फेडते. त्या पैशात मला पेशीचं विभाजन शिकवतात. ती पेशी कुणाच्या अंगातून, कुणाला विचारून आली, हे मात्र अभ्यासक्रमाबाहेर! असं शिक्षण घेऊन उद्या मीही कुणा बाईचा तुकडा न विचारता काढीन आणि त्याला विज्ञान म्हणेन.

म्हणून विद्यापीठाकडे माझी मागणी साधी आहे. ज्या तासाला हेला पेशी हाताळायला शिकवता, त्याच तासाला हेन्रिएटाची हकीकत आणि संमतीचा अर्थ शिकवा. त्यावर परीक्षेत प्रश्न विचारा. आणि गटांतल्या मैत्रिणींना विनंती, दवाखान्यात बाईसोबत जाल तेव्हा कागद मराठीत वाचून दाखवायला लावा. सही तिची तिलाच करू द्या.

पुढच्या प्रात्यक्षिकाला माझ्या बाटलीवर मी पूर्ण नाव लिहिणार आहे. कापायचे तर मार्क कापा.