पाटील, पटेल आणि ऑक्झेंडन

कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात जी सर्वांत मोठी, घुमट असलेली दुमजली वास्तू आहे, ती ऑक्झेंडन आडनावाच्या दोघा भावांची. क्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला, सर जॉर्ज १४ जुलै १६६९ रोजी. सुमारे ४० फूट उंचीचे हे बांधकाम पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरून ते एखाद्या पीराच्या दर्ग्यासारखे दिसते, त्यामुळे सुरतेत तीन-तीन पिढ्या काढलेले आपल्यातील कितीतरी जण न थांबता पुढे गेले असतील. आम्हाला आज लिहायचे आहे ते इमारतीविषयी नव्हे, त्या आडनावाविषयी. आपल्या शाळेच्या रजिस्टरातील आडनावांशी त्याचा संबंध लागतो असे आम्हाला वाटते.

शिवचरित्र वाचलेल्या प्रत्येकाला हे आडनाव माहीत आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन हा सुरतेच्या सर जॉर्जचा पुतण्या. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. जॉर्जने मात्र आपल्या मूठभर माणसांनिशी वखार राखली. त्याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले आणि औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सूट दिली. दहा वर्षांनी पुतण्या नजराणा घेऊन गड चढला. बरोबर दुभाषा नारायण शेणवी. सिंहासनाच्या दोन बाजूंची चिन्हे, भाल्यांवरचे सोनेरी मासे, तराजू, हे सारे त्याने टिपून ठेवले. आणि दरवाज्याशी उभे असलेले दोन लहान हत्ती या वाटेने वर आले तरी कसे, याचे नवलही लिहून ठेवले. सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलाला १६६४ विषयी वर्गमित्र अधूनमधून टोचून विचारतात. त्याला काका आणि पुतण्या दोघेही माहीत असावेत.

आता आडनावाचा अर्थ पाहू. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट परगणा आहे. तिथल्या दाट रानात गावोगावच्या लोकांनी गुरे-डुकरे चारण्यासाठी जागा राखलेल्या असत, त्यांना जुन्या इंग्रजीत ‘डेन’ म्हणत. टेंटरडेन, बिडेंडेन ही तिथली गावे त्यावरूनच. ‘ऑक्सेना’ म्हणजे बैलांचे. तेव्हा ऑक्झेंडन म्हणजे बैलांच्या चराईचे रान. कोकणात गुरे बसण्याच्या जागेला गोठण म्हणतात आणि गोठणे नावाची गावेही आहेत. म्हणजे आपल्याकडे हा साहेब गोठणकर झाला असता! या घराण्याच्या मानचिन्हावरही तीन काळे बैल आहेत.

इंग्रजांतही आडनावे अनादि काळापासून नाहीत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर दोन-तीनशे वर्षांत ती हळूहळू रुजली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. आणि गावावरून पडलेली, म्हणजे आपली ‘-कर’ मंडळी, तिथेही भरपूर.

गंमत पुढेच आहे. एकाच घराण्यातली डीनची शाखा नावात ‘ए’ लिही आणि बारहॅमची शाखा त्याच ठिकाणी ‘आय’. बारहॅमच्या हेन्रीची (हा कवी होता, रायगडावरचा नव्हे) पत्रे १९३३ आणि १९३७ मध्ये दोन खंडांत छापली गेली, ती ‘आय’नेच. आपल्या मराठी पुस्तकांत कुठे ऑक्झेंडन तर कुठे ऑक्झिंडेन दिसते, ती केवळ आपल्या लेखकांची हयगय नव्हे. मूळ धनीच दोन तऱ्हेने लिहीत होते आणि त्यात कोणाचे काही अडत नव्हते. डीनच्या शाखेला १६७८ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली. ती १९२४ मध्ये वारसाअभावी संपली.

आज मात्र एका अक्षराने अडते. पाटील आणि पटेल यांतही स्वराचाच फरक आहे, आणि शब्द मुळात एकच: जुन्या ताम्रपटांतला ‘पट्टकिल’, म्हणजे गावचा मुख्य. खानदेशातून आलेल्या आपल्या पाटलांच्या मुलाला इथे कोणी पटेल लिहिले तर तो अपमान नाही. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पटेल, रेशनकार्डावर पाटील आणि पासपोर्टच्या अर्जावर तिसरेच काही, असे झाले की मुलाला वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. रोमन लिपीत ‘ळ’ला जागाच नाही, म्हणून काळे आणि काले एकच होतात, आणि इंग्रजी माध्यमातले मित्र काळेला ‘केल’ आणि मानेला ‘मेन’ करून हसतात ते वेगळे.

काही पालकांचे म्हणणे असते की मुलाला इथेच राहायचे आहे, तर नाव इथल्यासारखे झाले म्हणून काय बिघडले? हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. विचारपूर्वक, गॅझेटमध्ये प्रसिद्ध करून कोणी आडनाव बदलले तर तो त्या कुटुंबाचा हक्क आहे. आमचा आक्षेप आहे तो घाईत चाललेल्या पेनामुळे आडनाव बदलण्याला, आणि ते तसेच चालू देण्याला. चौथ्या पिढीतल्या मुलाला आपले ‘-कर’ कोणत्या गावावरून आले हे सांगता येत नाही, कारण घरात कोणी विचारलेच नाही. केंटमधले एक रान साडेतीनशे वर्षे कतारगामला नाव टिकवून आहे, आणि आपले गाव रेल्वेने एका रात्रीवर असून विसरले जाते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची सूचना आहे की, येत्या जूनपासून प्रवेश अर्जात आडनाव मराठी, गुजराती आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत पालकांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात घ्यावे, खाली मूळ गाव व तालुका लिहून घ्यावा, आणि दाखला त्यावरूनच तयार व्हावा. अर्जात जागा नाही अशी अडचण सांगितली जाते. वडिलांच्या व्यवसायाला दोन ओळी दिलेल्या आहेत. त्यातली एक सहज घेता येईल.