'सार्वजनिक प्रयोजना'त कष्टकऱ्यांची लोकल कुठे?

माहीम म्हटले की मुंबईकराला दादरशेजारचे माहीम आठवते. आमचे माहीम पालघरच्या पश्चिमेला, केळव्याच्या शेजारी, समुद्रकाठी आहे. ब्रिटिश काळात तालुका याच माहीमच्या नावाने ओळखला जाई. 1864 साली मुंबईपर्यंत पोहोचलेली रेल्वे मात्र पालघरवरून गेली आणि कालांतराने तालुक्याचे ठाणेही पालघरला गेले. रेल्वे जिथे जाते तिथे कचेरी जाते, बाजार जातो, सत्ता जाते. म्हणूनच लोकलचा प्रश्न हा केवळ गर्दीचा प्रश्न नाही. या व्यवस्थेत कोणाच्या वेळेला किंमत आहे आणि कोणाच्या नाही, याचा हा प्रश्न आहे.

बोईसर-तारापूरला औद्योगिक वसाहत आहे. 1969 पासून तारापूरला अणुवीज तयार होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. माणसे वाढली, कारखाने वाढले, इमारती वाढल्या. रेल्वेचे रूळ किती वाढले?

चर्चगेट-विरार मार्गावर पूर्वी 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि विरारपलीकडे 25 हजार व्होल्टचा एसी. 2012 साली हा फरक मिटला आणि 16 एप्रिल 2013 रोजी लोकल डहाणूपर्यंत आली. लोकांनी आनंद केला, तो रास्तच होता. पण ही लोकल धावते ती गुजरातकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्याच दोन रुळांवर. मागून एक्स्प्रेस आली की लोकल बाजूला उभी. अशा मार्गावर केवळ डबे आणून फेऱ्या वाढत नाहीत, त्यासाठी रूळच वाढवावे लागतात. विरार-डहाणू चौपदरीकरणाला डिसेंबर 2016 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. लांबी सुमारे 64 किलोमीटर, खर्च सुमारे 3,578 कोटी. 2025 सालीही डहाणूची लोकल दोनच रुळांवर धावत होती.

याच काळात याच जिल्ह्यातून मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग नेला गेला. बुलेट ट्रेनसाठी आदिवासींच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. 76,220 कोटींच्या वाढवण बंदराला जून 2024 मध्ये मंजुरी मिळाली आणि 30 ऑगस्टला पायाभरणीही झाली. कागदोपत्री ही सारी कामे 'सार्वजनिक प्रयोजना'ची. वकील म्हणून हा शब्द मी रोज वाचतो आणि रोज विचारतो, यातले सार्वजनिक कोण? अहमदाबादला जाणारा व्यापारी सार्वजनिक आणि पहाटे पालघरच्या फलाटावर उभी असलेली कंत्राटी कामगार बाई खासगी?

माझ्याकडे आलेला माहीमचा एक कंत्राटी कामगार सांगत होता, गाडी रखडली की ठेकेदार अर्ध्या दिवसाची मजुरी कापतो. गाडी उशिरा आल्याचा पुरावा त्याने कुठून आणायचा? मुंबईला जाणाऱ्याची गत याहून वाईट. माहीमहून आधी रिक्षाने किंवा एसटीने पालघर, मग गाडी, विरारला बहुधा बदल. येण्याजाण्यात रोजचे चार-पाच तास जातात.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. दिवसाचे आठ तास काम, उरलेला वेळ माणसाचा. तो वेळ कशासाठी? विश्रांतीसाठी, वाचनासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी, संघटनेसाठी. कायद्याने दिलेले हे तास आज रेल्वेचा फलाट गिळतो आहे. ज्याला वाचायला वेळ नाही, सभेला यायला वेळ नाही, तो आपल्या हक्कासाठी लढणार केव्हा?

विकासाला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. बंदराचा माल हलण्याआधी माणसांसाठीचे तिसरे-चौथे रूळ पूर्ण झाले पाहिजेत. त्यासाठी ज्यांची जमीन जाईल त्यांना कायद्याप्रमाणे मोबदला आधी मिळाला पाहिजे. पाळी सुरू होण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेला बोईसर-पालघर-विरार फेऱ्या हव्यात आणि शेवटच्या गाडीला जोडून माहीम-केळव्याची एसटी हवी. पालघरच्या लोकप्रतिनिधींनी कामाचे वेळापत्रक तारखांसह जाहीर करायला लावावे. ते करत नसतील तर माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. गावोगावच्या तरुणांनी अर्ज लिहायला बसावे. आपल्या वेळेचा हिशेब आता आपणच मागायचा आहे.