विश्लेषण : उच्च शिक्षणाचे सामायिक जाळे – वेग बघायचा की तार?

विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ला केंद्राने मार्च २०१० मध्ये मंजुरी दिली. खर्च ५,९९० कोटी रुपये, उद्दिष्ट सुमारे दीड हजार संस्थांचे. महाविद्यालयांची वाट मात्र वेगळी होती. २००९ च्या केंद्रीय शिक्षण अभियानात विद्यापीठाला १ गिगाबिटची जोडणी होती, तर महाविद्यालयाला ५१२ केबीपीएसच्या वीसपर्यंत ब्रॉडबँड जोडण्या. त्यातला २५ टक्के खर्च महाविद्यालयाचा.

बेरीज केली तर वीस जोडण्यांचे १० एमबीपीएस होतात. पण वीस बारीक नळ म्हणजे एक मोठा नळ नव्हे. एका संगणकाच्या वाट्याला ५१२ केबीपीएसच येतात.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड घरासाठी बेतलेले असते. त्यात उतरवण्याचा वेग जास्त, पाठवण्याचा कमी. व्याख्यान नुसते ऐकायचे असेल तर ते चालते; आपल्या वर्गातून दुसऱ्या गावी शिकवायचे असेल तर चित्र अडखळते. शिवाय एक्स्चेंजपासून अंतर वाढले की वेग घसरतो. डोंगराळ भागात उपग्रह पोहोचतो, पण भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असल्याने प्रश्न विचारून उत्तर यायला अर्धा सेकंद तरी जातोच. मोबाइल डेटा लगेच मिळतो, मात्र त्याच टॉवरवर अख्खे गाव असते.

फायबर महाग पडते ते तारेमुळे नव्हे, खोदाई आणि परवानग्यांमुळे. तो खर्च एकदाच होतो. पुढे वेग वाढवायला दोन टोकांची यंत्रे बदलली की बहुतेक वेळा भागते.

ब्रिटनमधील विद्यापीठांचे ‘जॅनेट’ जाळे १९८४ मध्ये ‘एक्स.२५’ या पद्धतीवर सुरू झाले. मार्च १९९१ मध्ये त्यावर इंटरनेटच्या ‘आयपी’ पद्धतीची चाचणी झाली आणि वर्षभरातच आयपीची वाहतूक वरचढ ठरली. सुरुवातीला आयपी धावले ते जुन्या एक्स.२५ जाळ्यावरूनच. आपल्याकडे चर्चा मात्र बहुधा एमबीपीएसच्या आकड्यावर अडते.

निविदा वाचताना म्हणूनच ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ आधी बघावा. किमान वेग किती, तो दोन्ही दिशांना सारखा आहे का आणि तार तुटली तर किती तासांत जोडून मिळेल, हे लिहिलेले नसेल तर स्वस्त दराला फारसा अर्थ नाही.