पाण्याचा ताळेबंद होतो, मग शाळेच्या सूचनांचा का नाही?

"सूचना तर ग्रुपवर टाकली होती."

नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीत काम करताना हे उत्तर आम्ही ऐकले. सहावीतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती बुडाली होती. आधार जोडलेल्या बँक पासबुकाची झेरॉक्स शुक्रवारपर्यंत द्यायची होती. मोबाईल बापाकडे, बाप चाकणला कंपनीत. आई रोज कांद्याच्या खुरपणीला. तिच्याकडे बटणाचा साधा फोन. सूचना निघाली, नोंद झाली, मुदत संपली आणि मुलगी यादीबाहेर गेली. कुणीही तिला "तू दलित आहेस म्हणून देत नाही" असे म्हणाले नाही. आज तसे म्हणण्याची गरजच उरलेली नाही. सूचना पोहोचली नाही की काम आपोआप होते.

म्हणून आम्ही म्हणतो, शाळेची सूचना ही किरकोळ गोष्ट नाही. हक्काचा दरवाजा तिथूनच उघडतो किंवा बंद होतो.

आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. आज देशभरातून लोक हे गाव बघायला येतात. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, पाणलोटाची कामे झाली आणि दुष्काळी गाव सावरले. पाहुणे बंधारे बघतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हाला मात्र त्या गावाची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती उरते, हे आकडे ग्रामसभेत सगळ्यांसमोर येतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरते. पाणी कमी असेल तर ते कुणाच्या कानावर आले नाही, असे होत नाही. कोरोनाच्या काळातही गावाने घरोघर लक्ष ठेवून साथ आटोक्यात आणली आणि जून २०२१ मध्ये, राज्यात बहुतेक शाळांना कुलूप असताना, आपली शाळा सुरू केली. गावाने मनावर घेतले तर प्रत्येक घरापर्यंत पोहोचता येते, हे इथे सिद्ध झाले आहे.

मग आमचा प्रश्न सरळ आहे. पाण्याच्या थेंबाचा हिशेब ग्रामसभेत होऊ शकतो, तर मुलांच्या हक्काचा का नाही? हा प्रश्न एकट्या हिवरे बाजाराला नाही, स्वतःला आदर्श म्हणवणाऱ्या प्रत्येक गावाला आहे. शिष्यवृत्तीला पात्र मुले किती? अर्ज किती भरले? खात्यात पैसे किती जणांच्या आले? राहिलेली का राहिली? चार आकडे. पाच मिनिटांचे काम.

इथे काही मित्र म्हणतील, वर्गात नावे वाचतातच की! हो, वाचतात. "एससीची मुले उभी राहा" असे भर वर्गात म्हटले जाते, हे आपल्यातल्या अनेकांनी सोसले आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्यायला उभे राहिलेल्या पोराकडे चाळीस डोळे वळतात, तेव्हा त्याला मिळणाऱ्या पैशापेक्षा तो क्षण जास्त लक्षात राहतो. म्हणून आमची मागणी नीट समजून घ्या. ग्रामसभेत आकडे वाचा, नावे नकोत. नाव असलेली सूचना घरी जाऊन आईच्या हातात द्या आणि तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. हिशेब जाहीर हवा, मुलाची जात नव्हे.

दुसरी शंकाही आम्हाला मान्य आहे. ग्रामसभा म्हणजे कुणाची सभा? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांचा भ्रम फोडला होता. संकुचितपणा आणि जातीयता यांचे घर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले. ती जाण ठेवूनच आम्ही बोलतो. म्हणून ग्रामसभेवर सोपवून घरी बसायचे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या गावच्या समितीत वस्तीतली किती माणसे आहेत, ते उद्याच विचारा. समितीत आपली बाई बसली की ग्रुपवरची सूचना वस्तीत यायला वेळ लागत नाही.

शाळेने घराला सांगावे, ही काही नवी कल्पना नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. म्हणजे मूल शाळेत का आले नाही, हे शोधण्याची जबाबदारी राज्याने स्वतःवर घेतली होती. आज ती जबाबदारी एका मेसेजवर ढकलून सगळे मोकळे होतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, वस्तीच्या भिंतीवर आपणच फळा लावू या. जूनमध्ये लिहा: वयाचा दाखला नाही किंवा टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दसऱ्याआधी लिहा: ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, कोयता घेऊन निघण्याआधी शाळेत नाव द्या. नंतर कळून उपयोग नाही, तोवर पोरगं फडात गेलेलं असतं. वर्षभर लिहून ठेवा: मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे कलम १७ ने बंद आहे. जातीचा दाखला, पासबुक, आधार ही कागदे मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, उन्हाळ्याच्या सुट्टीतच तयार करून घ्या.

आणि ७ नोव्हेंबरला फळ्यावर एक गोष्ट लिहा. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भाषणे होतात, हार घातले जातात. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या पोराचा बाप रामजी सुभेदार होता, लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेला. शाळेचा कागद कसा वाचायचा, कुठे सही करायची, कुणाला जाब विचारायचा, हे त्यांना ठाऊक होते. वस्तीतल्या प्रत्येक घरात रामजी सुभेदार नाहीत. एम.ए., बी.एड. झालेले आपण मात्र आहोत. आपल्या शिक्षणाचा उपयोग शेजारच्या मुलीची एक सूचना वाचून दाखवण्याइतकाही होत नसेल, तर जयंतीला डीजेसमोर नाचून आपण नेमके कुणाचे अनुयायी ठरतो?

येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि ते चार आकडे मागा.

जय भीम! जय संविधान!