बर्फ खाण्याची खोड : दोष कुणाचा?
(द्वितीय वर्ष, कला)

"अगो, बर्फ खाऊ नको, दात पडतील!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पण ते मला उद्देशून नसे. माझ्या आईला उद्देशून असे.

माझी आई बाजारात मासळी विकते. पहाटे बंदरावर लिलाव होतो, मग मासळी बर्फात घालून ती बाजारात येऊन बसते. गिऱ्हाईक नसले की तिचा हात पेटीतल्या बर्फाकडे जाई. खडा धुवायचा आणि कडाकडा चावायचा. शेजारच्या बायका हसत. आजी म्हणे, "चाळिशीला आली तरी पोरखेळ सुटत नाही." मलाही लाज वाटे. कॉलेजातल्या मैत्रिणी बाजारात आल्या की मी आईला डोळ्यांनी दटावत असे. आज त्या दटावण्याचीच लाज वाटते.

बर्फ खाणे वाईट का? वाईट आहेच, हे आधी मान्य करते. दातांवरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण त्याला तडा गेला की तो पुन्हा भरून येत नाही. शिवाय मासळीसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, आणि गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला. आमच्याकडे निळा बर्फ येऊ लागला, तेव्हा आई सरबतवाल्याकडून पांढरा खडा मागून आणू लागली. बर्फ बदलला, खोड सुटली नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे रक्तदान शिबिर झाले. मी हौसेने रांगेत उभी राहिले. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते, माझे दहाच्या खाली भरले. माझ्यासारख्या आणखी पुष्कळ मुली परत पाठवल्या गेल्या, आणि "बरं झालं, सुई टळली" म्हणत आम्ही कँटीनमध्ये चहा प्यायलो. मात्र निघताना तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारले होते, "माती, पेन्सिल, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का गं?" मी म्हटले, "मला नाही, माझ्या आईला." त्यांनी लिहिणे थांबवले. "तिला उद्याच तपासायला घेऊन जा."

सरकारी दवाखान्यात आईचे हिमोग्लोबिन ७ निघाले. हवे असते निदान १२. कित्येक वर्षे दर महिन्याला तिच्या अंगावरून फार जात होते आणि तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. "बाईच्या जन्माला ते असायचंच," हे तिचे उत्तर. सर्वांना मासळी वाढून झाल्यावर तिच्या ताटात कालवणाचे पाणी आणि भात. त्यावर लगेच चहा. जेवणावरचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हे आम्हांला कुठे ठाऊक होते?

उपचार सुरू झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी माझ्या ध्यानात आले, की आईचा हात बर्फाकडे जात नाही. कुणी मना केले नव्हते. इच्छाच गेली होती.

बर्फाच्या या ओढीला वैद्यकात पॅगोफेजिया म्हणतात आणि शरीरात लोह कमी असल्याची ती एक खूण मानतात. बर्फात लोह नसते, मग ओढ कसली? रक्त कमी असलेल्या माणसाला बर्फ चावल्याने थोडा वेळ तरतरी येते, असे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली मांडले. म्हणजे आई चाळे करत नव्हती. थकलेल्या अंगाला जागे ठेवत होती.

बर्फ खाणारा प्रत्येक जण आजारी असतो असे नाही. जत्रेतला बर्फाचा गोळा कोण सोडतो? पण भर पावसाळ्यातही रोज बर्फ हवासा वाटत असेल, तर आधी रक्त तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. ही संख्या पाहता हा एकट्या माझ्या आईचा प्रश्न उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. "खाऊ नको" म्हणणारे घराघरांत आहेत, "तुला का खावंसं वाटतं?" असे विचारणारे कुणी नाही. कॉलेजला माझी नम्र सूचना आहे : शिबिरातून परत पाठवलेल्या मुलींची नोंद ठेवावी, सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात हे त्यांना सांगावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. रक्त घेणे पुण्याचे काम आहेच. ज्यांच्या अंगात ते नाही त्यांची विचारपूस करणे हेही पुण्याचेच आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. "शिकून काय मिळालं?" असे आजी विचारते. आता तिला दाखवायला आईचा रिपोर्ट आहे. माझेही हिमोग्लोबिन ११.८ वर आले आहे. यंदाच्या शिबिरात मी पुन्हा रांगेत उभी राहणार आहे.