चौतिसावे वाण

येत्या रविवारी, 17 मे रोजी, अधिक ज्येष्ठ लागतो आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. ते उरलेसुरले दिवस साठत साठत साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक अख्खा महिना होऊन आपल्या दारात उभे राहतात. मग माजलगावच्या बाजारात अनारशांचे पीठ आणि बत्तासे दिसू लागतात, लेकी-जावयांना निरोप जातात, घरोघरी पुरणाचे धोंडे तळणीत पडतात आणि तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीची वाट माणसांनी भरून जाते. रामदेवराव यादवांच्या राजवटीतला, शके 1232 चा, म्हणजे 1310 सालचा ताम्रपट ज्या गावाने जपून ठेवला, ते हे गोदाकाठचे गाव. एरवी तिथे नदीचा आणि पाखरांचाच आवाज असतो. अधिकात मात्र पहाटेपासून ओल्या पदरांची रांग घाटापासून देवळापर्यंत लागते.

या महिन्याची कहाणी आपण सगळ्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. बारा महिन्यांना बारा धनी. या तेराव्याला कुणी नाही. सूर्याची संक्रांत नाही, लग्न नाही, मुंज नाही, म्हणून तो मलमास. लोकांनी झिडकारलेला हा महिना रडत विष्णूकडे गेला, आणि देवाने त्याला आपलेच नाव देऊन टाकले: पुरुषोत्तम मास. या कहाणीत देवाने त्या महिन्याला काही विचारले नाही. तुझी भक्ती किती, तू किती सोसशील, असली चौकशी केली नाही. आलेल्याला आधी घरात घेतले.

आणि तरीही, त्याच देवळाच्या रांगेत उभे असताना, आपल्या कानावर हमखास एक वाक्य पडते: “देव परीक्षा बघतोय.” गेल्या सप्टेंबरात सिंदफणा पात्राबाहेर आली, काठची जमीन खरवडून गेली, तेव्हा हे वाक्य गावोगाव ऐकू आले. पाऊस नसतो तेव्हाही हेच, घरातले कर्ते माणूस जाते तेव्हाही हेच. मनात एक शंका मात्र राहून राहून येते. जो सर्वज्ञ आहे, त्याला आपल्या उत्तरपत्रिकेची गरज काय? गुण आधीच ठाऊक असलेला गुरुजी परीक्षा घेत बसत नाही. आणि जो मायाळू आहे, तो निकाल माहीत असताना लेकराला उन्हात उभे का करील?

श्रावण शुद्ध षष्ठीला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, आपण श्रियाळ राजाची आठवण काढतो. शंकर अतिथी होऊन आला आणि त्याने भोजनाला राजाचा मुलगाच मागितला. राणी चांगुणेने लेकाचे, चिलयाचे, मस्तक उखळात कांडले. पुढे देव प्रसन्न झाला आणि बाळ जिवंत झाले, हे खरे. पण ऐकणाऱ्या बायकांच्या पदराचा ओलावा त्या सुखान्ताने वाळत नाही. परीक्षा श्रियाळाची, उखळात चिलया. याच अधिकात, मे अखेरीस, आपल्या शेजारच्या मोहल्ल्यांत बकरी ईद साजरी होईल. (हिजरी वर्षाला अधिक महिना नाही, म्हणून ही ईद ऋतूंमधून फिरत राहते, या वेळी ती पुरुषोत्तमाच्या घरी मुक्कामाला आली आहे.) त्या ईदच्या कथेतही बाप आहे, पुत्र आहे, सुरी आहे, आणि शेवटी देवाने आणून उभा केलेला दुंबा आहे. दोन्ही कथांमध्ये देव अखेरच्या क्षणी लेकरू परत देतो. त्या कथा सांगणाऱ्यांनाही लेकरावाचूनचा देव सोसला नसावा.

श्रद्धाळू मनाकडे याला एक उत्तर आहे, आणि ते हलके नाही. परीक्षा देवाला कळावे म्हणून नसते, माणसाला स्वतःची ओळख पटावी म्हणून असते. आपल्यात किती बळ आहे, हे अडचण आल्याशिवाय आपल्यालाही समजत नाही. ज्याच्यावर वेळ आली त्याने हे म्हणावे आणि त्या बळावर उठून उभे राहावे. त्याला कुणी हसू नये. शेजाऱ्याने मात्र ते म्हणू नये. दुसऱ्याच्या संकटाला आपण परीक्षा म्हटले की आपण आपोआप प्रेक्षक होतो, आणि परीक्षेच्या वर्गात मदत करणे म्हणजे तर कॉपीच. नदीचे पात्र कुणी अडवले, पंचनाम्याला उशीर का झाला, हे प्रश्न मग देवाच्या नावावर जमा होतात.

श्रियाळषष्ठीच्या त्याच दिवशी बायका मातीचा शिराळशेट करतात, त्याची गोष्ट निराळी आहे. 1396 पासून सुमारे बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात या व्यापाऱ्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, आणि बादशहाने प्रसन्न होऊन त्याला औट घटकेचे राज्य दिले, असे सांगतात. लोकस्मृतीने बळी देणारा राजा आणि धान्य देणारा शेट एकाच तिथीला आणून बसवले. दोघांतला मातीने घडवावासा वाटला तो कोठार उघडणारा. आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची समाधी आहे. त्यांच्या चरित्रातही वडिलांनी दुष्काळात धान्य वाटले, सारा थकला, आणि बीदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले. तेव्हा पाडेवाराच्या वेषात येऊन दत्ताने ती रक्कम भरली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे परीक्षा बादशहाने घेतली. देव आला तो भरणा करायला.

आपल्या मुलखातल्या परीक्षा बहुतेक अशाच, माणसांनी मांडलेल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीचे कोयते निघतात, पाठीमागे वर्गातली बाके रिकामी होतात. कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या गावी परततात, तोवर शाळेचे वर्ष सरत आलेले असते. उचल आईबापांची, बुडालेले वर्ष लेकरांचे. यात सर्वज्ञ देवाला गोवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तेहतीस अनारसे जावयाच्या ताटात पडतीलच, ती रीत आपण मोडणार नाही. या वेळी चौतिसावे वाण उंबऱ्याबाहेर जाऊ द्या. वह्यांचा एक संच, गणवेशाचा एक जोड, किंवा हंगामात मागे राहणाऱ्या एखाद्या पोराला आपल्या घरी सहा महिन्यांचे जेवण. अधिक ज्येष्ठ 15 जूनला संपतो आणि त्याच सुमारास शाळा उघडतात. पुढचा अधिक महिना 2029 च्या चैत्रात येईल. आज तिसरीत जाणारे पोर शाळेत टिकले, तर तेव्हा ते पाचवीची परीक्षा देत असेल.