खिडकीबाहेर कोण पाहणार?

२ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत ॲपल कंपनीचा ‘व्हिजन प्रो’ हा डोळ्यांवर बांधायचा संगणक विक्रीला आला. किंमत ३,४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ २ लाख ९० हजार रुपये. दोन-तीन दिवस उलटतात न उलटतात तोच काही चित्रफिती जगभर फिरू लागल्या. टेस्लाच्या गाडीत चालकाच्या जागेवर बसलेला तरुण, डोळ्यांवर ही भलीमोठी झापड, हात स्टिअरिंगवरून सुटलेले आणि बोटांच्या चिमटीत हवेतले काहीतरी पकडण्याचा उद्योग चाललेला. त्यातल्या एकाने पुढे ती निव्वळ गंमत होती असे सांगितले. पण अमेरिकेचे तेव्हाचे वाहतूकमंत्री पीट बुटिजेज यांना जाहीरपणे बजावावे लागले की, आज मिळणाऱ्या साऱ्या चालक-साहाय्य यंत्रणांमध्ये गाडीचा ताबा माणसाकडेच असतो आणि त्याचे पूर्ण लक्ष गाडी चालवण्याकडेच असायला हवे.

मंत्र्यांचे म्हणणे बिनतोड होते. पण ज्या गाडीत चालकच नाही, तिथे हा उपदेश कोणाला करायचा? मागच्या आसनावरचा प्रवासी भाडे देऊन बसलेला आहे. त्याने झोपावे, पेपर वाचावा, नाहीतर डोळ्यांवर यंत्र चढवून थेट चंद्रावर जावे. कायद्याने त्याच्यावर रस्त्याकडे पाहण्याची जबाबदारी नाही. तेव्हा खरा प्रश्न त्या उत्साही तरुणाचा नसून या निर्धास्त प्रवाशाचा आहे, आणि तो प्रवासी आता काल्पनिक राहिलेला नाही.

गूगलने विनाचालक गाडीचे काम २००९ मध्ये हाती घेतले. २०१६ च्या अखेरीस त्याची ‘वेमो’ ही वेगळी कंपनी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या परिसरात सामान्य माणसाला चालकाशिवायची टॅक्सी मिळू लागली. जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिस, २०२५ मध्ये ऑस्टिन आणि अटलांटा. एप्रिल २०२५ पर्यंत आठवड्याला अडीच लाख भाड्याच्या फेऱ्या होऊ लागल्या होत्या. मुला-नातवंडांकडे सहा महिने राहून आलेले आपल्याकडचे आजी-आजोबा आता गोल्डन गेट पुलाच्या फोटोबरोबर रिकाम्या ड्रायव्हर-सीटचाही फोटो दाखवतात. आपोआप फिरणारे स्टिअरिंग पाहून पहिली पाच मिनिटे जीव मुठीत धरलेला असतो, सहाव्या मिनिटाला जांभई येते. यंत्राची सवय माणसाला किती लवकर होते, याचा अनुभव आम्हा बँकवाल्यांनाही आहे. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर ज्या संगणकाच्या नावाने निषेधसभा झाल्या, तोच संगणक बंद पडला की पुढे तेच सभासद ‘आता काम कसे करायचे?’ म्हणून हातावर हात ठेवून बसत.

तर ही जांभई, हाच धंद्याचा पुढचा मुलूख आहे. चालक गेला की प्रवाशाचा अर्धा-पाऊण तास मोकळा होतो आणि मोकळा वेळ दिसला की तो विकत घेणारे हजर होतात. हे काही आज घडत नाही. आगगाडी आली तेव्हाही घडले होते. लंडनच्या युस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथ यांचे पुस्तकांचे दुकान १८४८ मध्येच थाटले गेले आणि आपल्याकडच्या फलाटांवर व्हीलरच्या गाळ्यांनी तेच काम केले. डेक्कन क्वीनने जाणाऱ्या-येणाऱ्या चाकरमान्यांच्या कितीतरी पिढ्यांनी पेपर, पत्ते आणि राजकारण यांत घाट पार केला. पण एक फरक ध्यानात घ्या. गाडी भलत्याच ठिकाणी थांबली की डब्यातले पेपर खाली येतात, माना खिडकीकडे वळतात, ‘काय झाले हो?’ असे कोणीतरी विचारते. वाचणाऱ्याचे एक डोळे-कान जगाकडे उघडे असतात. हेडसेट नेमका हाच उघडा कोपरा बंद करतो. त्याचे सारे कौशल्य त्यातच आहे.

मात्र शरीर इतक्या सहजासहजी फसत नाही. ज्याला आपण ‘गाडी लागणे’ म्हणतो, ते इथे आडवे येते. घाटातल्या एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही हे शास्त्र शिकवायला नको. लिंबू हुंगायचे, आवळासुपारी तोंडात टाकायची आणि शक्य तर पुढे ड्रायव्हरजवळ बसून रस्त्याकडे पाहायचे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन आणि त्यांचे सहकारी ब्रँड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात याची जी उपपत्ती मांडली, ती या घरगुती शहाणपणाशी जुळणारीच आहे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके वळल्याची खबर देतात. शेजारच्या पिशव्यांतले बारीक खडे वेग वाढल्या-घटल्याची खबर देतात. डोळे आपली वेगळी खबर पाठवतात. कान म्हणतो गाडी डावीकडे वळली, डोळे म्हणतात आपण पुस्तकाच्या पानावर स्थिर आहोत. दोन खात्यांचा हिशेब जुळला नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधी ठाऊक असते. ते वळण तोच घेत असतो.

म्हणजे विनाचालक टॅक्सीत सगळेच प्रवासी, कोणीच ड्रायव्हर नाही, आणि त्यात पुन्हा डोळ्यांवर बंद चित्र! मिशिगन विद्यापीठातले मायकेल सिवाक आणि ब्रँडन शॉटल यांनी २०१५ मध्येच असा अंदाज वर्तवला होता की, पूर्ण स्वयंचलित गाड्यांत बसणाऱ्या अमेरिकी प्रौढांपैकी ६ ते १० टक्के लोकांना वारंवार किंवा नेहमीच कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होईल. त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा वाचन, मोबाइल, सिनेमा या गोष्टी होत्या. हेडसेटने त्यात भर पडणार हे उघड आहे.

यावर तोडगा काढण्याचे प्रयत्न मोठे चातुर्याचे आहेत. इथे एक तांत्रिक गोम आहे. हेडसेटमधल्या संवेदकाला फक्त हालचाल कळते. ती मानेची की गाडीची, हे कळत नाही. गाडी उजवीकडे वळली की बिचाऱ्याला वाटते प्रवाशानेच मान वळवली, आणि समोरचे चित्र बाजूला सरकत जाते. म्हणून गाडीत दुसरा संवेदक बसवायचा आणि एकूण हालचालीतून गाडीची हालचाल वजा करायची. साधी वजाबाकी, पण ती क्षणाच्या आत आणि अचूक झाली पाहिजे. विमानात हे तुलनेने सोपे, म्हणून ‘व्हिजन प्रो’ला आधी विमानप्रवासाची सोय मिळाली, मग २०२४ मध्ये आगगाडीची. शहरातली मोटार, तिचे सिग्नल, तिचे ब्रेक आणि तिची वळणे हा त्यातला सर्वांत नाठाळ प्रकार.

जर्मनीत ऑडी कंपनीतून निघालेल्या ‘होलोराइड’ने वेगळाच विचार केला. गाडीची हालचाल लपवायची कशाला? तीच खेळात वापरायची! २०१९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात त्यांनी डिस्नेच्या पात्रांसह हा खेळ दाखवला. गाडी वळली की अंतराळयान वळते, गाडी थांबली की यानही थांबते. डोळे आणि कान यांची खबर एकच. पुढे २०२२ मध्ये ऑडीच्या काही गाड्यांत मागच्या आसनासाठी ही सोय आली. ग्लासगो विद्यापीठातल्या मंडळींनी २०१७ मध्ये प्रत्यक्ष चालत्या मोटारीत प्रयोग केले, तेव्हा सर्वांना लागू पडेल असा एकच उपाय सापडला नाही. एकाला जे चित्र सोसते ते दुसऱ्याला सोसत नाही. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या फोनच्या पडद्याच्या कडेला गाडीबरोबर हलणारे ठिपके दाखवायला सुरुवात केली. गंमत अशी, की इतकी बुद्धी खर्चून शेवटी जे साधायचे ते एवढेच: गाडी कुठे वळते आहे हे डोळ्यांना कळू द्या. खिडकी हे काम फुकट करत होती.

पोटाचा प्रश्न कधीतरी सुटेल. मला काळजी आहे ती सहीची. बँकेत ठरावीक रकमेवरचा व्हाउचर एका सहीवर पास होत नाही. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. दुसरा माणस अधिक हुशार असतो म्हणून नव्हे, तो दुसरा असतो म्हणून. टॅक्सीतला प्रवासी असा न नेमलेला दुसरा सहीवाला आहे. ‘अहो, इकडून कुठे?’ असे म्हणणारा, ‘जरा हळू’ म्हणणारा, अपघात झाला तर काय पाहिले ते सांगणारा. विनाचालक गाडीतही त्याच्याकडे गाडी थांबवण्याचे बटण असते, मदतकेंद्राशी बोलण्याची सोय असते. पण ते बटण दाबायला आधी काहीतरी बिनसले आहे हे कळायला हवे.

काल्पनिक भीती घालतो आहे असे वाटू नये म्हणून प्रत्यक्षातल्या गोष्टी सांगतो. ॲरिझोनात विमान गाठायला निघालेल्या एका प्रवाशाची टॅक्सी पार्किंगच्या आवारात गोल गोल फिरत राहिली. त्याने फोनवरून कंपनीला सांगितले, त्याची चित्रफीत जानेवारी २०२५ मध्ये गाजली. तो डोळ्यांवर यंत्र लावून बसला असता तर? खेळ गाडीच्या हालचालीला जुळवलेला असता तर अंतराळयान झकास प्रदक्षिणा घालते आहे असे वाटून कदाचित खूशही झाला असता. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एकटी प्रवास करणारी स्त्री बसलेली असताना दोन पुरुष टॅक्सीच्या पुढ्यात उभे राहिले आणि तिचा फोन नंबर मागू लागले. गाडी माणसाच्या अंगावर जात नाही, हा तिचा सद्गुण. त्यामुळेच ती तिथे अडकून पडली. अशा वेळी बाहेर काय चालले आहे हे आतल्या माणसाला पहिल्या क्षणी दिसणे किती मोलाचे आहे, हे लेकी-सुना रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या घरांना सांगायला नको.

आणि साक्षीचे काय? २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक पादचारी स्त्री ‘क्रूझ’ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीखाली आली. गाडी थांबली, आणि मग कडेला जाण्यासाठी तिने त्या जखमी स्त्रीला सुमारे वीस फूट फरफटत नेले. तपास यंत्रणेला दिलेल्या अहवालात ही फरफट वगळली गेली. पुढे कंपनीने खोटा अहवाल दिल्याचे मान्य केले, नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच लाख डॉलर दंड ठरला, आणि डिसेंबरात जनरल मोटर्सने या टॅक्सीसेवेतून अंगच काढून घेतले. अशा गाडीचे सारे डोळे कंपनीचे असतात आणि त्यांनी टिपलेले चित्रही कंपनीच्याच ताब्यात. आत बसलेला माणूस हा एकमेव साक्षीदार असा असतो, जो कंपनीचा नोकर नाही. त्याच्याही डोळ्यांवर कंपनीचेच चित्र लावायचे का?

दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. या गाड्या बेभान माणसापेक्षा सुरक्षित आहेत असे आकडे सांगतात. स्विस री या विमा कंपनीने वेमोबरोबर केलेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ कोटी ५३ लाख मैलांच्या प्रवासाचा हिशेब आहे. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी भरले. अभ्यासात कंपनीचाही हात आहे हे लक्षात ठेवूनसुद्धा आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. शिवाय हेडसेटमध्येही दोन जाती आहेत. आभासी वास्तव बाहेरचे जग पुसून टाकते. त्याउलट बाहेरचे दृश्य तसेच ठेवून त्यावर अक्षरे-चित्रे उमटवणारे चष्मे खिडकी बंद करत नाहीत. ‘ही इमारत १९०६ च्या भूकंपातून वाचलेली’ असे त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर सांगितले तर कोणाला नको आहे? पण मग तोच चष्मा ‘समोरच्या दुकानात तीस टक्के सूट’ असेही सांगणार. भाडे स्वस्त आणि जाहिरात सक्तीची, असा सौदा दूर नाही. टीव्हीच्या बाबतीत तो आपण कधीच पत्करला आहे, फरक इतकाच की टीव्हीकडे पाठ फिरवून स्वयंपाकघरात जाता येते.

आपल्याकडे हे सारे कधी येणार, असे कोणी विचारील. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट सांगितले की, चालकांच्या नोकऱ्या जाणार असतील तर अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. चीनमध्ये वुहानच्या टॅक्सीवाल्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात बायदूच्या विनाचालक गाड्यांविरुद्ध केलेली तक्रार पाहता ही चिंता अवास्तव नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा आपण गाडीसाठी हळहळलो. चालक निदान दुसऱ्या गाडीत बसला. पण मागच्या आसनावरच्या हेडसेटला चालक नसण्याची वाट पाहायची गरज नाही. तो उद्या ओला-उबरच्या प्रवाशाच्या बॅगेतून येईल, आणि द्रुतगती मार्गावर शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर तर त्याआधी.

म्हणून काही साधे नियम आत्ताच हवेत. गाडीने जोरात ब्रेक लावला, ठरल्या मार्गापासून ती ढळली किंवा कोणी तिला अडवले, की चित्र आपोआप नाहीसे होऊन बाहेरचे जग दिसले पाहिजे. ‘व्हिजन प्रो’चे पहिले यंत्र सहाशे ते साडेसहाशे ग्रॅमचे होते. छातीला पट्टा असतो, मानेला नसतो. आणि समोर हवेची उशी फुटत असताना चेहऱ्यावर अर्ध्या किलोहून जड वस्तू बांधलेली असावी का, याची चाचणी गाडी बनवणाऱ्यांनी करून निकाल जाहीर केला पाहिजे. मुलांना गाडीत वापरू द्यायचे ते किती वयापासून, हेही ठरले पाहिजे.

हे नियम आधी कोण लिहील? सरकार, न्यायालय की विमा कंपनी? माझा कौल विमा कंपनीला. टॅक्सीत डोळ्यांवर यंत्र होते म्हणून इजा वाढली, असा पहिला दावा ज्या दिवशी तिच्या टेबलावर येईल, त्याच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत बारीक अक्षरांत एक कलम वाढलेले असेल.